उंचीची अट

"ऊठ की गं! खो दिलाय तुला, खो!"

मी जीव तोडून ओरडत होते आणि शालन वाघमोडे आपल्या चौकोनात बसूनच होती. बसून म्हणजे कशी, तर मान खाली घालून, खांदे कानांपर्यंत वर घेऊन, डोळे गच्च मिटून. जिला बाद करायचं ती फरिदा एव्हाना खांबाला वळसा घालून पार पलीकडे पोचली होती आणि तिकडून मला वाकुल्या दाखवत होती.

दुधाळ सरांनी शिट्टी मारली. "काय झालं गं, संजीवनी?"

"सर, ही उठतच न्हाई."

"का गं शालन? पाय मुरगाळला?"

शालननं मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, ते कुणालाच कळलं नाही.

"परत," सर म्हणाले.

परत तेच झालं. तिसऱ्यांदाही तेच झालं. उन्हं कलली होती, आम्हाला भुका लागल्या होत्या, आणि ही नवी पोरगी ढिम्म हलायला तयार नव्हती. मी संघाची कप्तान होते आणि माझा पारा लवकर चढायचा. माझ्या मनात आलं, हिला उचलूनच पुढं टाकावं.

आमच्या कुरुलीच्या कन्याशाळेचा खो अख्ख्या माळशिरस तालुक्यात नावाजलेला होता. बाकीच्या शाळांच्या मुली खो देताना नुसती बोटं टेकवायच्या आणि तोंडानं खो म्हणायच्या. आमच्याकडे थाप असायची. पाठीच्या बरोब्बर मधोमध, सबंध पंजाची, मैदानाबाहेरच्या चहावाल्याला ऐकू जाईल अशी. "बसलेल्या पोरीला इचार कराया टाइमच द्यायचा न्हाई," असं सरांचं म्हणणं. स्पर्धेत आमचा डाव सुरू झाला की त्या आवाजानंच समोरचा संघ निम्मा गार व्हायचा. घरी जाऊन आम्ही पाठीवर उठलेली बोटं एकमेकींना दाखवायचो. माझ्या आईच्या तर तेल चोळता चोळता शिव्या सुरू व्हायच्या. पण त्या सरांना असायच्या. मला कशी देणार? सगळ्यांत मोठा पंजा तिच्याच लेकीचा होता.

शालनला संघात घेतलं होतं ते पळतीसाठी. आठवीत होती, पण दिसायची पाचवीतली. तिला पहिल्यांदा पळताना बघितलं तेव्हा आम्ही सगळ्याजणी हसलो होतो, कारण ती पोरगी पळायचीच नाही मुळी. उभी असायची. आपण अगदी जवळ पोचलो, आता हात लागणार असं वाटलं की ती तिथं नसायची. मागून गेलं तरी तेच. पाठीमागे कोण आहे, किती लांब आहे, कुणाचा श्वास चढलाय, हे तिला न बघता कळायचं. पहिल्या दिवशी आमच्या पोरी बदलून बदलून तिच्यामागे लागल्या आणि एकीचाही हात तिला लागला नाही. सर शिट्टी तोंडात धरून नुसते बघत राहिले होते. असली पळती मी पुढं राज्याच्या संघातसुद्धा बघितली नाही, आणि हे मी कौतुकानं फुगवून सांगत नाही.

पण खो-खोत नुसतं पळून भागत नाही. डाव उलटला की बसावंही लागतं.

शालन आमच्या गावची नव्हे. आई वारल्यावर मामानं तिला आणलं होतं. मामा पाटकरी होता, कालव्याच्या पाण्याचे दरवाजे उघड-बंद करायचा, आणि स्वभावानं इतका मऊ की त्याच्यासमोर शेळीनं पीक खाल्लं तरी तो आधी शेळीची समजूत घालायचा. मामी मात्र फटकळ. "गादीखाली भाकरी लपिवती ही," असं ती विहिरीवर सगळ्यांदेखत सांगायची. "उपाशी ठिवतीय का मी हिला? मुंग्या झाल्यात घरात." आणि ते खरंच होतं. शालन दप्तरातसुद्धा भाकरीचा तुकडा ठेवायची. त्याशिवाय तिचं काही ना काही चालूच असायचं. सर्दी, गळवं, पोटदुखी. वर्गात ती मागच्या भिंतीला पाठ लावून बसायची आणि बाईंनी पुढं बोलावलं की तिच्या पोटात कळ यायची.

त्याच आठवड्यात मामा मैदानावर आला. टोपी हातात घेऊन सरांपुढे उभा राहिला.

"सर, ते सरकारी खेळाचं हॉस्टेल असतंय म्हणं. तितं शालनचा नंबर लागंल का?"

"लागंल की. जिल्ह्याच्या स्पर्धेत निवड करत्यात. का हो?"

"तिचा बाप आलता. त्यानं दुसरी बायकू केलीया, ती बाळंत झालीया. घरात हाताखाली पोर पायजे म्हणतोय. दिवाळी झाली की न्यायला येनार हाय."

"मग न्हाई म्हणा."

"आता बापाची पोर, सर. मी कोण न्हाई म्हणनारा?" मामा टोपी चुरगळत म्हणाला. "पर सरकारी काम असंल तर त्येला सांगता यील. सरकारला त्यो घाबरतुय."

शालन तिथंच उभी होती. बापाचं नाव निघालं तशी ती हळूहळू मागं सरकत गेली आणि खांबाला पाठ टेकून थांबली.

आता सरांनाही घाई झाली. निवड करणारे लोक पळती आणि बसणं दोन्ही बघतात, नुसत्या पळणारीला घेत नाहीत. स्पर्धा दिवाळीआधी होती. आणि ही मुलगी खो घेत नव्हती. दोन दिवस सरांनी समजावलं, एकदा दटावलं, आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा धीर सुटला.

"फरिदा, दे जोरात. भैऱ्यालाबी कळाया पायजे, असा दे."

फरिदानं दिला. तिचा हात काटक होता. आवाज असा आला की झाडावरचे कावळे उठले.

शालन पडली नाही. तिनं डावं कोपर कानावर घेतलं, उजवा तळवा मानेवर टाकला, गुडघे पोटाशी ओढले आणि कुशीवर वळून पाठ तेवढी बाहेर ठेवली. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. त्यात गडबड नव्हती. आम्ही रोज सकाळी सूर मारायचा सराव करायचो आणि तरी आमचा सूर कधी इतका नेटका पडत नव्हता. आणि ती भराभर, हलक्या आवाजात म्हणत होती, "न्हाई करनार, परत न्हाई करनार, परत न्हाई करनार."

मग तिच्याखालची माती ओली झाली.

कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी त्या दिशेला नुसतं बघितलं आणि ते हसू तिथंच जिरलं. "सगळ्याजणी पाणी प्यायला जावा," ते म्हणाले. "संजीवनी, तू थांब."

सरांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली. शालनच्या मागून ते सरळ तिच्याजवळ जाऊ शकले असते. पण ते गेले नाहीत. लांबून वळसा घालून तिच्या समोर आले, चार हात अंतरावर धुळीत मांडी घालून बसले आणि गप्प राहिले. दुधाळ सर गप्प बसलेले मी तोपर्यंत कधी पाहिले नव्हते. बऱ्याच वेळानं शालननं कोपर खाली घेतलं.

"शालन, हितं तुला कोण मारत न्हाई," सर म्हणाले. "मीच मारायला सांगत होतो. चुकी माझी झाली."

ती बघत राहिली.

"घरी कोण मारायचं? मामा?"

तिनं मान हलवली. या खेपेला ती नाही म्हणाली हे स्पष्ट कळलं.

"बाप?"

 उत्तर आलं ते भलतंच. "भाकरी थापताना," ती म्हणाली. "मागनं."

"कवापासनं?"

"आटवत न्हाई. पयल्यापासनंच."

सर उठले. मुली परत येताना दिसत होत्या. सरांनी आपली पाण्याची बाटली उघडली आणि सगळीच्या सगळी शालनच्या पायांवर, परकरावर आणि मातीवर ओतली. मग मोठ्यानं म्हणाले, "हात् तिच्या! हातातनं बाटलीच निसटली. संजीवनी, हिला घरी सोडून ये, भिजली पोरगी." आजवर मी पुष्कळ मोठी माणसं बघितली, त्यांची भाषणंही ऐकली. कुणाला मोठं माणूस म्हणावं असा प्रश्न पडला की मला ती पालथी बाटली आठवते.

दुसऱ्या दिवशी सरांनी जाहीर केलं, "आजपासनं थाप बंद."

आमच्यात एकच गलका उडाला. थाप बंद म्हणजे कुरुलीचं नाकच कापल्यासारखं होतं. फरिदा म्हणाली, "सर, मग आपल्यात आणि त्या माळीनगरवाल्यांत फरक काय ऱ्हायला?"

"फरक खेळात दावा, आवाजात नगं," सर म्हणाले, आणि शालनच्या चौकोनात जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले. एवढा धिप्पाड माणूस त्या इवल्याशा चौकोनात मावेना. "शालन, मला खो दे."

शालन हलेना. शेवटी ती हळूच गेली आणि दोन बोटं त्यांच्या पाठीला लावून पटकन मागं झाली. सर उठून पळाले, पोट सांभाळत, आणि खांबाजवळ जाऊन आपटले. आम्ही हसलो. शालनही हसली. ती हसताना तिचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले दिसायचे, हे मला त्या दिवशी कळलं. मग तिनं आम्हा सगळ्यांना खो दिला, एकेकीला, आणि आम्ही उठून पळालो.

"आता तुला कुणाचा हात चालंल ते तू सांग," सर म्हणाले.

तिनं बराच विचार केला. "संजीचा," ती म्हणाली. का ते मला आजही सांगता यायचं नाही. कदाचित त्या दिवशी घरी सोडताना मी वाटेत काहीच विचारलं नव्हतं म्हणून असेल. खरं तर मला काय विचारावं ते सुचलंच नव्हतं.

मी तिच्यासमोर जायची, तिला हात दाखवायची, "येते हां मागनं" म्हणायची, मग मागं जाऊन पंजा तिच्या पाठीवर नुसता ठेवायची. पोलक्यातून तिचं काळीज माझ्या हाताला लागायचं, इतकं जोरात उडायचं. ते शांत होईपर्यंत हात काढायचा नाही, असा सरांचा हुकूम होता. पहिल्या दिवशी माझ्या हाताला मुंग्या आल्या. मग फरिदा. मग एकेक करून बाकीच्या. सराव संपला की रोज हा कार्यक्रम. आधी आम्ही कुरकुरलो, घरी जायला उशीर होतो म्हणून. पण थोड्याच दिवसांत त्याचा खेळ झाला, कारण शालन न बघता हात ओळखायला लागली. "फरिदी. गार हाय." "कलावती, आंगठी टोचतीया." "संजे, तुझा हात हाय का तव्यावरचं उलथनं?" मग आम्हीही पाठी वळवून ओळखायला बसलो आणि सपशेल आपटलो. तेरा-चौदा वर्षांच्या आम्ही धडधाकट पोरी, आणि आम्हाला रोजच्या मैत्रिणींचे हात ओळखता येईनात. शालनचं एकदाही चुकलं नाही.

हळूहळू समोर येऊन हात दाखवायची गरज उरली नाही. मग हात ठेवून थांबायची गरज उरली नाही. एके दिवशी मी पळत येऊन खो दिला आणि ती उठली. उठून दोन पावलं गेली आणि तिथंच थांबून माझ्याकडे बघायला लागली, आपण हे केलं यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. फरिदानं भर मैदानात कोलांटी मारली.

पण सगळे दिवस तसे नव्हते. कधी घरी भांडं पडायचं, कधी गल्लीत कुणाची तरी कुणाला मारझोड व्हायची, आणि शालन दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यासारखी गोळा होऊन बसायची. मला राग यायचा. सरांना यायचा नाही. "काल जमलं म्हणून आज जमायलाच पायजे असं काय न्हाई," ते म्हणायचे. "बस बाजूला. उद्या बघू."

सरांना काळजी होती ती निराळ्याच गोष्टीची. हॉस्टेलच्या निवडीला उंचीची अट होती आणि शालन तिच्यात थोडी कमी पडत होती. ताडकन वाढायचं ते वय, पण वर्षभरात तिच्या परकराची दुमडसुद्धा उसवावी लागली नव्हती. महिनाभरात काही करता येतं का, हे विचारायला सर तिला तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले आणि सोबतीला मला नेलं. मी बाहेर बाकड्यावर बसले. आत पुष्कळ वेळ बोलणं चाललं होतं. बाहेर आले तेव्हा सर रस्ता चुकल्यासारखे दुसऱ्याच दिशेला चालू लागले. मी हाक मारली तेव्हा वळले.

"काय म्हणल्या बाई?" मी विचारलं.

"खेळ सोडू नगा म्हणल्या," सर म्हणाले.

एसटीत शालन खिडकीशी बसली होती. तिनं मला विचारलं, "संजे, तुझं वडील मारत्यात तुला?"

"मारत्यात की. निकाल लागला की हमखास."

"सांगून मारत्यात?"

"म्हंजी?"

"म्हंजी तुला आदी कळतंय का, आता मार हाय म्हणून?"

"मला काय, सबंध गल्लीला कळतंय."

तिनं मान डोलावली. "मग बरं हाय," ती म्हणाली, आणि पुन्हा बाहेर बघायला लागली.

जिल्ह्याच्या स्पर्धेला आम्ही टेम्पोतून गेलो. मामा आला होता, आणि आश्चर्य म्हणजे मामीही आली होती, सगळ्या संघाला पुरतील एवढ्या भाकऱ्या आणि ठेचा बांधून. "पोरींनी उपाशी पळायचं व्हय?" असं ती सरांनाच दरडावत होती.

आम्ही शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलो. पहिल्या डावात आमची पळती होती. शालन मैदानात उतरली आणि तिकडच्या मुलींच्या ती शेवटपर्यंत हाताला लागली नाही. निवड करणारे दोघंजण खुर्च्या पुढं ओढून बसले. मी सरांकडे बघितलं, सर आभाळाकडे बघत होते.

मग डाव उलटला. आम्ही बसलो. शालन आपल्या चौकोनात, तोंड पलीकडे, पाठ मैदानाच्या कडेच्या दोरीकडे.

आणि दोरीपलीकडून आवाज आला. "ए शाले!"

पांढरा सदरा घातलेला, केस चापून बसवलेला एक माणूस. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, तरी तो कोण आहे हे मला लगेच समजलं, कारण शालनचे खांदे कानांपर्यंत वर गेले होते. मी तेव्हा पळत होते. माझ्या पुढं त्यांची एक मुलगी होती आणि तिला गाठायचं तर खो शालनलाच द्यायला हवा होता. मला वाटलं, देऊ नये. पुढच्या चौकोनातल्या कलावतीला द्यावा. एक बाद सुटला तर सुटला. पण खुर्चीतली ती दोन माणसं बघत होती, आणि शालननं या एका गोष्टीसाठी किती दिवस आपलं उडणारं काळीज आमच्या हातांखाली धरून ठेवलं होतं, हे मला ठाऊक होतं.

मी पंजा तिच्या पाठीवर टेकवला. "खो!"

ती उठली नाही. एक क्षण गेला. माझ्या हाताखाली तेच काळीज उडत होतं. मागून पुन्हा हाक आली, "ए, ऐकू येत न्हाई व्हय गं?"

आणि ती उठली. उठली ती बाणासारखी, खांबाकडे सूर मारला, आणि त्या मुलीच्या टाचेला तिची बोटं लागली. त्या डावात तिनं आणखी दोघींना बाद केलं. सामना आम्ही जिंकला. फरिदा रडत होती, सर शिट्टी फुंकत होते आणि पंच त्यांना शिट्टी बंद करायला सांगत होते.

मग तिला भिंतीला लावून उंची मोजली.

निवड करणाऱ्यांपैकी एकानं पट्टी दोनदा टेकवली. तिला टाचा नीट टेकवायला सांगितलं, मान सरळ करायला सांगितलं, आणि तिसऱ्यांदा टेकवली. "नाही भरत," तो म्हणाला.

"साहेब, खेळ बघितला न्हवं तुमी?" सर म्हणाले.

"बघितला. अशी मुलगी मी बघितली नव्हती. पण अट वरून आलेली आहे, सर. पुढच्या वर्षी वाढली तर आणा."

 पुढचं वर्ष शालनला नव्हतं, हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. मामानं टोपी काढली आणि तो ती चुरगळायला लागला.

शालनचा बाप दोरी ओलांडून आत आला होता. सगळं ऐकून घेऊन तो हसला. "झालं न्हवं खेळून? गावात कळलं तू हितं हायस, म्हणून आलो. चल आता. कापडं बांद, दिवाळीची वाट कशाला बघायची?" आणि तिला धरायला त्यानं मागून हात टाकला.

हात रिकामाच राहिला. शालन एक पाऊल बाजूला झाली होती, नेहमी व्हायची तशी. मग ती वळली. मी तिला कुणाकडेही इतकं सरळ बघताना पाहिलं नव्हतं.

"तुमी पुढनं येऊन बोला," ती म्हणाली.

"काय म्हनलीस?"

"माझ्या मागनं यायचं न्हाई. बोलायचं आसंल तर पुढनं."  ती एवढ्यावर थांबली नाही. "दवाखान्यातल्या बाई सरांना काय म्हणल्या, ते मी आयकलंय. माझी उंची वाढायची ऱ्हायली ती खायाला कमी पडलं म्हणून न्हाई. मामीनं खाया घातलंय मला. बारकेपनी पोर लई भ्याली, रोज भ्याली, तर तिचं आंगच वाढायचं इसरतं, आसं बाई म्हणल्या. पोटातलं दुखनं बी त्येच हाय. ते काय आता समदं जात नसतं म्हणल्या."

बाप इकडे तिकडे बघायला लागला. आजूबाजूला माणसं जमत होती.

"माझी उंची तुमच्याकडंच ऱ्हायली," शालन म्हणाली. "ती आसू द्या तुमाला. बाकीची मी हितं ऱ्हानार."

 बापाचा हात अर्धवट वर गेला आणि तिथंच अडकला, कारण समोर दुधाळ सर उभे होते आणि सरांच्या मागे आम्ही. पण त्याला पहिल्यांदा हटवलं ते सरांनी नाही आणि आम्हीही नाही. मामी भाकऱ्यांचं रिकामं फडकं झटकत पुढं आली.

"पाव्हनं," ती अगदी अदबीनं म्हणाली, "तुमची येष्टी किती वाजता हाय?"

"ही माझी पोर हाय—"

"आसंल की. पर सांच्याला तिकडं लई गर्दी असती म्हणत्यात. आत्ताच निगा, म्हंजी बसाया जागा मिळंल."

बापानं मामाकडे बघितलं. मऊ माणूस तिथं एकच होता. मामानं टोपी डोक्यावर ठेवली, शालनची पिशवी उचलून आपल्या खांद्याला लावली आणि तो टेम्पोकडे चालू लागला. बाप थोडा वेळ उभा राहिला, दोन शिव्या हासडल्या, आणि गेला. तो परत कधी आला नाही.

शालन मात्र जिंकल्यासारखी अजिबात दिसत नव्हती. तिला तिथंच उलटी झाली. टेम्पोत तिला हुडहुडी भरली, आणि मामीनं तिला मांडीवर घेऊन लुगड्याच्या पदरात गुंडाळलं. त्या तापातून उठायला तिला आठवडा लागला. मी रोज बघायला जायची. मामी दारातच सांगायची, "आज पेज प्याली," किंवा "आज शिव्या घातल्या मला, बरी हाय."

ती हॉस्टेलला गेली नाही. तिची उंची पुढच्या वर्षीही वाढली नाही आणि त्याच्या पुढच्याही नाही. आज आम्ही दोघी पन्नाशीकडे झुकलोय आणि ती माझ्या खांद्याला लागते. पण ती आमच्या शाळेकडून खेळली, मग जिल्ह्याकडून, मग राज्याकडून, आणि आता नातेपुत्याच्या पलीकडे एका शाळेत मुलींना खो-खो शिकवते. तिच्या मुली खो देतात तेव्हा आवाज येत नाही आणि बसलेली मुलगी तरी उठलेली असते. पाहुणे संघ वैतागतात. मला दर वर्षी एकदा जाऊन ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं मात्र खरं ठरलं, सगळं गेलं नाही. तिशी उलटायच्या आत तिला बीपीची गोळी लागली. झोप अजून कच्ची, पोट अजून बिघडतं, आणि दारावर कुणी जोरात थाप मारली की तिचा चेहरा उतरतो. मागच्या महिन्यात मी तिला भेटले तेव्हा ती नुकतीच तपासून आली होती. डॉक्टर नवा होता, तरुण होता, आणि त्यानं तिला पुष्कळ वेळ समजावून सांगितलं होतं.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, मॅडम, दोन गोष्टी करा. मीठ कमी खा, आणि कशाची भीती मनात ठेवू नका." शालन गोळी तोंडात टाकून पाणी प्यायली आणि तिचे ते एकमेकांवर चढलेले दात दिसले. "म्हटलं, डॉक्टर, मिठाचं उद्यापासनं करते. दुसऱ्या गोष्टीचं बारकेपनापासनं करतीय, अजून चालू हाय."